तोंडावरचं बोट जरा काढू द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे आणि बालभारतीचे संचालक,
आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागातून आमचे वर्ग तपासायला येणारे सर्व साहेब व मॅडम

विषय : पहिली-दुसरीच्या वर्गात गोष्ट सांगताना होणाऱ्या आवाजाबाबत.

महोदय,

विषयाखाली संदर्भ लिहायचा असतो, परिपत्रकाच्या क्रमांकासकट. माझ्याकडे संदर्भ आहे तो शेरेबहीतल्या एका ओळीचा : ‘वर्गात गोंगाट आढळला. शिस्तीकडे लक्ष द्यावे.’ दोन वर्षांपूर्वी श्रावणात तपासणीला आलेल्या साहेबांनी ती लिहिली. नाव लिहीत नाही, त्यांचंही आणि माझंही. त्यांचं सभ्यतेपोटी, माझं बदल्यांच्या पोर्टलपोटी. ओळ खोटी नव्हती. गोंगाट होताच. फक्त तो कशाचा होता, हे विचारायचं राहून गेलं.

त्या दिवशी गोष्ट चालली होती भोपळ्यात बसून लेकीकडून घरी परतणाऱ्या म्हातारीची. सगळ्यांची पाठ असलेली. पण या वयात पाठ असलेली गोष्टच पुन्हा हवी असते, हे तुम्हाला घरची नातवंडंही सांगतील. म्हातारी निघते तेव्हा पाऊस असावा असं मला वाटलं, म्हणून सुपात मूठभर तांदूळ घेऊन घोळवले. पुढच्या ओळीतला एकजण म्हणाला, “बाईनू, पाऊस असो नाय पडत.”

“मग कसो पडता?”

त्याच्या घरावर पत्रा आहे. त्याने खिचडीची थाळी पालथी घातली आणि दहाही बोटांनी तिच्यावर ताशा धरला. दुसरीतल्या एकीला ते पटेना. तिचं घर कौलारू. कौलांवरचा पाऊस मोठा नसतो, मोठ्या असतात त्या पागोळ्या, असं तिचं म्हणणं. तिने आमच्या डब्यातल्या वाळलेल्या फणसाच्या आठळ्या घेतल्या आणि एकेक करून चिऱ्याच्या पायरीवर सोडल्या. सगळ्या एका उंचीवरून, सारख्या अंतराने. तिसरा म्हणाला, आमच्या शेतातल्या मांगराला माडाची झापं आहेत. मग त्याने सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. सगळे गप्प. काहीच होईना. बराच वेळ गेल्यावर त्याने एका बोटाने जमिनीवर टप् केलं आणि जाहीर केलं, “आता मांगर गळाक लागलो.”

वर्ग हसून लोळला. नेमके तेव्हाच साहेब दारात उभे राहिले.

सहा-सात वर्षांची मुलं वीस मिनिटं पावसावर वाद घालत होती. म्हातारीने अजून उंबरासुद्धा ओलांडला नव्हता. पण छपराच्या मालावरून पावसाचा आवाज बदलतो, हलका पाऊस आधी मुरतो आणि मग गळतो, ही निरीक्षणं त्यांची स्वतःची होती आणि ती त्यांनी पुराव्यासकट मांडली होती. परिसर अभ्यासाच्या टाचणात मी हे कधी लिहू शकले नसते.

तुमच्या कागदांबद्दल माझी काही तक्रार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ३ ते ८ वर्षांचा टप्पा पायाभूत म्हणून वेगळा काढला. २०२२ साली आलेल्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्यात गोष्ट, गाणं, खेळ यांना जागा आहे. प्रश्न कागद वर्गात पोहोचतो तेव्हाचा आहे. वर्गात पोहोचते ती निपुण भारत मोहिमेची उद्दिष्टांची यादी, आणि तिच्यातला एक आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो : दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द. मग मोबाइलवर स्टॉपवॉच लागतं. मुलाला कळतं की आपल्याला शर्यतीत पळवलंय. तो पूर्णविराम गिळतो, प्रश्नचिन्ह तुडवतो, ‘अगं बाई’ आणि ‘अंगणात’ एकाच सुरात म्हणतो आणि ६२ शब्दांवर पोहोचतो. निपुण! त्याने काय वाचलं, असं विचारलं तर तो माझ्या तोंडाकडे बघतो. वेग मोजू नका असं मी म्हणत नाही. पण थांबणं कुठेच मोजलं जात नाही, आणि गोष्ट कळते ती थांबण्यात. हे मला कोणत्याही प्रशिक्षणात कोणी सांगितलं नाही. ते एका रिक्षावाल्याने सांगितलं.

त्याआधी मी दोनदा तोंडावर आपटले होते. पहिल्यांदा ब्लूटूथ स्पीकरने. शाळेला एक स्मार्ट टीव्ही भेट मिळाला होता. मी हौसेने वाघाची डरकाळी डाउनलोड केली आणि गोष्टीत नेमक्या जागी वाजवली. डरकाळी अस्सल होती, कुठल्याशा अभयारण्यातली. एक पोरगी किंचाळली. दोघं उठून टीव्हीच्या मागे गेले. “वाघ खंय असा?” त्यानंतर गोष्ट संपली आणि वाघाचा शोध सुरू झाला. रेकॉर्डिंगची अडचण अशी की ते मुलांसाठी थांबत नाही. ‘परत’ म्हटलं की परत वाजतं, पण अगदी तसंच. मूल घाबरलं म्हणून ते हळू होत नाही, कंटाळलं म्हणून चढत नाही. शिवाय आमच्याकडे जून ते सप्टेंबर वीज पाहुण्यासारखी येते.

दुसऱ्यांदा मी उलट टोक गाठलं. प्रत्येकाच्या हातात काहीतरी वाजवायला दिलं. करवंट्या, चमचे, खडे घातलेल्या बाटल्या, माडाच्या पातीच्या पिपाण्या. चाळीस मिनिटं मला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही. गोष्ट कोणती होती, हे मलाही आता आठवत नाही. त्या दिवशी शेरेबहीत ती ओळ लिहिली असती तर मी खाली सही करून ‘सहमत’ असं लिहिलं असतं.

तो प्रकार एक पालक खिडकीतून बघत होते. मुलाला न्यायला आले होते. दिवसा रिक्षा चालवतात आणि चतुर्थीत वाडीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. जाताना म्हणाले, “वाजवूक सोपा असा बाईनू, थांबाक कठीण.” दुसऱ्या दिवशी मी त्यांनाच अर्धा तास बोलावलं. त्यांनी मुलांना काहीही वाजवायला शिकवलं नाही. फक्त हाताचा पंजा वर गेला की थांबायचं, एवढा एक खेळ घेतला. पंजा कधी वर जाईल ते सांगायचं नाही. मुलं डोळ्यांत प्राण आणून त्या पंजाकडे बघत होती. एरवी ‘लक्ष द्या’ म्हणून म्हणून माझा घसा बसतो.

आता आमची म्हातारी अशी चालते. जाताना ती काटकुळी आहे, म्हणून एकाच मुलाच्या हातात एकच काठी : ठक. ठक. मध्ये बरीच जागा. जंगल सुरू झालं की बाकीचे दोन्ही तळवे एकमेकांवर हळू घासतात, ती पानांची सळसळ. मग पंजा वर. सळसळ बंद, काठीही बंद. कोणी काही बोलायचं नाही. त्या शांततेत कोण आहे ते मी सांगत नाही, मुलं सांगतात. करवंटीवर खडा घासला तर कोल्हा. पालथ्या बादलीवर मूठ आपटली तर वाघ. परतताना म्हातारी तूपरोटी खाऊन गुटगुटीत झालेली, भोपळ्यात बसलेली, तेव्हा आठळ्यांचा डबा दोन हातांत धरून गडगड. आधी सावकाश, मग उतार लागतो तसा जलद. एकदा वाघ दिसला तरी डबा थांबेना. मी विचारलं, “अरे, वाघ समोर आहे, थांबत का नाही?” डबा धरणारी म्हणाली, “थांबलो तर खातलो.” गोष्टीचं मर्म तिच्या हाताला आधी कळलं होतं, शब्दांत ते नंतर उतरलं.

यात वाचन कुठे आहे, असं कोणी विचारेल. आहे. भोपळा म्हणताना तीन टाळ्या पडतात : भो-प-ळा. म्हातारीलाही तीनच, लिहिताना ‘म्हा’ कितीही अवघड दिसला तरी. हातांनी शब्द तोडता येणाऱ्या मुलाला अक्षर मांडताना आधार मिळतो, कारण आपली लिपी त्याच तुकड्यांनी चालते. १९८३ साली ऑक्सफर्डमधल्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी दाखवलं होतं की वाचायला शिकण्याआधी ज्या मुलांना शब्दांमधले सारखे आवाज ओळखता येतात, ती पुढे वाचनात बरी चालतात, आणि हे ओळखणं सरावाने वाढवता येतं. आपल्या आजीने बडबडगीतं म्हणताना असा अभ्यास केला नव्हता एवढंच.

आणि भाषा तरी कोणती आहे आपली! पाणी खळखळतं, झुळझुळतं, ठिबकतं, डुचमळतं. टपटप वेगळं, टिपटिप वेगळं. धपकन पडतो तो माणूस, टपकन पडतो तो आंबा, आणि सरकन जातो तो साप. एका स्वराच्या फरकाने वजन बदलतं, हे मराठी मुलाच्या कानाला जन्मतःच मिळतं. आपण त्याचं काय करतो? ‘खालील ध्वनिदर्शक शब्द लिहा. मोराचा : _____.’ केकारव. एक गुण. माझ्या शाळेमागच्या शेतात मोर रोज ओरडतात. वर्गातल्या एकाला तो आवाज असा काढता येतो की खरा मोर उत्तर देतो. त्याला ‘केकारव’ आठवला नाही, म्हणून त्याचा गुण गेला. बालभारतीला माझी एक विनंती आहे. पानाच्या कोपऱ्यात क्यूआर कोड असतो तसा एखाद्या गोष्टीच्या कडेला ‘इथे थांबा’, ‘इथे काय वाजेल ते मुलांना ठरवू द्या’ इतकं छापा. स्कॅन करायला रेंज लागते, हे वाचायला लागत नाही.

मी काही नवीन मागत नाही. आमच्या कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. चित्रं कागदावरची, जागची हलत नाहीत. ती हलतात सांगणाऱ्याच्या आवाजाने, टाळ आणि हुडुकाच्या ठेक्याने. एक चित्र मागे जाऊन दुसरं पुढे येतं तेवढ्यात लढाई होऊन जाते. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं आहे. शाळांच्या सहली जातात, मुलं बघतात, चहा-बिस्कीट होतं आणि बस परत येते. शाळेतली गोष्ट मात्र पुन्हा हाताची घडी घालून बसते.

दशावताराचंही तेच. पालखीची प्रदक्षिणा होऊन नाटक उभं राहीपर्यंत मध्यरात्र होते. पोरं आईच्या मांडीवर आडवी झालेली असतात. मग पखवाजाची चाल बदलते आणि सगळी एकदम उठून बसतात, कारण तो ठेका म्हणजे संकासुर राक्षस, हे त्यांना झोपेतही कळतं. (हल्ली ट्रिकसीनचा धूर निघतो. माझ्या मते त्यापेक्षा पखवाज जास्त घाबरवतो. पण ते असो.) आमच्या केंद्रातल्या प्रत्येक वाडीत भजनाची बारी आहे, पेटी आहे, झांज आहे, बुवा आहेत. गावात एवढा नाद, आणि त्याच गावाच्या शाळेत मुलांच्या तोंडावर बोट.

पात्र आवाजाने ओळखायचं, हे दूरवरही चालतं : १९३६ साली प्रोकोफिएव्ह या रशियन संगीतकाराने मॉस्कोतल्या मुलांच्या रंगभूमीसाठी ‘पीटर आणि लांडगा’ रचलं. बदकाला ओबो, मांजराला क्लॅरिनेट, लांडग्याला तीन हॉर्न. जगभर ते अजून वाजतं. पिंगुळीच्या माणसाला ते ऐकवलं तर तो म्हणेल, बरोबर आहे, फक्त माणसं फार लागतात. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांना तर एवढं सामानही लागलं नसतं. गिजुभाई बधेकांसोबत १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढून, पुढे बोर्डी आणि कोसबाडला अनुताई वाघांसह त्यांनी बालवाड्या चालवल्या त्या पानं, बिया, शिंपले, माती यांवर. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, हा त्यांचा हिशेब. ‘अंगणवाडी’ हा शब्द सरकारने उचलला. अंगणातला आवाज मात्र बाहेरच राहिला.

अडचणी मला माहीत आहेत, कारण त्या माझ्याच आहेत. आमची शाळा दोन शिक्षकांची. तिसरी-चौथीचा वर्ग कपाटाच्या पलीकडे. मी वाघ आणला की तिथला भागाकार चुकतो. म्हणून गोष्ट खिचडीनंतर, पडवीत, आणि तेव्हा पलीकडे कवायत किंवा चित्रकला. हे आम्ही दोघांनी आपसात ठरवलं, वेळापत्रकात ते बसत नाही. एका मुलाला कमी ऐकू येतं. त्याचा तळवा मी त्या पालथ्या बादलीवर ठेवते. वाघ त्याला हाताने कळतो आणि बऱ्याचदा इतरांच्या आधी. एक मुलगी पत्रा वाजला की कान झाकून थरथरते. तिच्यासाठी वीज आधी सांगून कडाडते, आणि पंजा वर करण्याचा अधिकार तिचाच असतो. मला गाता येत नाही, हेही कबूल करते. सूर लागत नाही म्हणून वीस वर्षं मी वर्गात गाणं टाळलं. नंतर कळलं की मुलांना बाईंचा बेसूर चालतो, बाईंचा कंटाळा चालत नाही.

मागणं काय, ते सांगते. पहिलं म्हणजे, काहीही खरेदी करू नका. तुम्ही ‘ध्वनी-साहित्य पेटी’ नावाची एखादी वस्तू जिल्ह्याला पाठवाल, ती डेडस्टॉकला चढेल, तिला कुलूप लागेल, आणि खुळखुळा फुटला तर मुख्याध्यापकांना खुलासा द्यावा लागेल. आमच्या करवंट्या फुटतात तेव्हा दुसरा नारळ फुटतो. पैसे द्यायचेच असतील तर माणसांना द्या. शिक्षण हक्क कायद्याने कलेसाठी अर्धवेळ निदेशक ठेवला तो सहावी ते आठवीला, आणि तोही पट शंभराच्या वर असेल तर. आमच्या पहिलीच्या वाट्याला कोणी नाही. मग जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या, म्हणजे डाएटच्या, प्रशिक्षणातला एक दिवस पीपीटी बंद ठेवून चित्रकथीला, दशावतारी नटाला, कीर्तनकाराला द्या. खानदेशात वही गाणारे आहेत, झाडीपट्टीत दंडार आहे, पालघरला तारपा आहे, मराठवाड्यात संबळ वाजवणारा गोंधळी आहे. त्यांना सन्मानाने मानधन द्या, आणि ते त्याच दिवशी द्या. पाच-पाच प्रतींत देयक भरायला लावू नका. ते आम्हाला वाजवायला शिकवणार नाहीत. गोष्ट कुठे धरायची आणि कुठे सोडायची, ते शिकवतील.

आणि याची माहिती भरायची लिंक काढू नका. हात जोडून सांगते. ‘नादमय गोष्ट उपक्रम, दररोज दोन फोटो व एक व्हिडिओ ग्रुपवर टाकावा’ असा संदेश आला, की त्या दिवसापासून आम्ही गोष्ट सांगणार नाही, गोष्टीचं चित्रीकरण करू. मुलंही कॅमेऱ्यासाठी वाजवतील. मग पंजाकडे कोण बघणार?

शेरेबहीत मात्र एक रकाना वाढवा. गोंगाट दिसला तर तो कशाचा, हे लिहायला जागा ठेवा. तपासणाऱ्याने दारात उभं राहून फक्त एवढं बघावं : बाईंनी हात वर केला तर मुलं थांबतात का? थांबत असतील तर तो गोंगाट नाही. थांबत नसतील तर माझ्याविरुद्ध खुशाल लिहा.

यंदाच्या श्रावणात आम्ही राक्षसाची गोष्ट करणार आहोत. मुलांनी स्वतः रचलेली, अजून अर्धवट आहे. राक्षस येताना कसला आवाज करायचा यावर दोन दिवस चर्चा झाली. बादली नको, ती वाघाची. पत्रा नको, ती वीज. शेवटी चौथीतला एकजण कपाटापलीकडून ओरडला आणि सगळ्यांना एकदम पटलं. आता राक्षस असा येतो : आधी घाटीच्या खालच्या वळणावरून लांबची घरघर, मग चढावाला गिअर बदलल्याचा गचका, मग दाराशी ब्रेक. त्याबरोबर सगळी पोरं पटकन हाताची घडी घालतात आणि तोंडावर बोट ठेवतात.

तुम्ही याल तेव्हा गाडी खालच्या वळणावरच ठेवा. तिथे काजूची सावली आहे. पुढची वाट पाच मिनिटांची आहे, पायऱ्या शेवाळलेल्या असतात, जपून या. पडवीत बसायला पाट आहे. तुमच्यासाठी एक करवंटी राखून ठेवते.

आपली,
कुडाळ तालुक्यातली एक प्राथमिक शिक्षिका